चार प्रश्नचिन्हे

हर्षला, तुझ्या शोकसभेत तीन जण बोलले आणि तिघेही चुकीचे बोलले.

शहापूरच्या शाळेचे सभागृह, समोर हार घातलेली तुझी तसबीर, आणि तरीही माणसे इतक्या खात्रीने चुकीचे कशी बोलू शकतात हे मला अजून कळलेले नाही. पहिल्या वक्त्यांनी सांगितले की दवाखान्याच्या कार्डांसाठी तू रात्रीचा दिवस केलास. एकही रात्र नाही. पाच वाजले की तू वायर गुंडाळून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आप्पा, मुरबाडची गाडी चुकली तर तुमी सोडनार का मला सायकलवर?" जे काम पाचच्या आत होत नसे ते दुसऱ्या दिवशी होत असे, आणि म्हणूनच ते नीट होत असे. दुसऱ्या वक्त्यांनी सांगितले की 'लाँग'ची ती प्रसिद्ध चूक आप्पांनी, म्हणजे मी, शोधली. मी शोधली नाही. तिसरे बोलले ते संस्थेचे चिटणीस. ते म्हणाले, "हर्षलाताईंकडून एकदा एक गंभीर चूक झाली, पण ती त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारली." सभागृहाने माना डोलावल्या. पहिल्या रांगेत तुझे यजमान जनार्दन बसले होते. त्यांनी मान डोलावली नाही. ते जमिनीकडे पाहत होते.

मी बोलायला उठलो. सगळे माझ्याकडे वळले. आप्पा उठले म्हणजे वाद होणार, हे तालुक्याला ठाऊक आहे. आणि मी काय बोललो? तू नऊच्या गाडीने येत नसून साडेआठच्या गाडीने येत होतीस, एवढी दुरुस्ती करून मी खाली बसलो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आटगावच्या घरी ओटीपासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या घालतो. पत्नीने दोनदा विचारले, "काय हरवलंय?" मी सांगितले, काही नाही. तेही खोटेच.

तू कधी गेलीस, कशाने गेलीस, मागे कोण आहे, हे सारे छापून आले आहे; ते मी पुन्हा लिहिणार नाही. वार्तापत्रासाठी संस्थेने माझ्याकडे दोन पाने मागितली आहेत. दोन पानांत जे मावत नाही तेच मला लिहायचे आहे, आणि ते त्यांना नव्हे, तुला.

वाचणाऱ्यांना काम काय होते ते ठाऊक नाही, म्हणून तुला ठाऊक असलेले थोडे आधी सांगतो. संस्थेचा दवाखाना शहापुरात, आणि आठवड्यातून एकदा त्याची गाडी शेणव्याच्या वरच्या वाड्यांवर जाई. डॉक्टर बदलत राहत. वाडीवरच्या माणसाकडे मागच्या डॉक्टरांचा कागद कधी नसे. असलाच तर कुडाच्या भिंतीत खोचलेला आणि उंदरांनी कुरतडलेला. कोणाच्या अंगावर कोणते औषध उठते, हे नव्या डॉक्टरला सांगणार कोण? म्हणून ठरले की प्रत्येकाला चिप असलेले कार्ड द्यायचे. वर शाईने नाव, आत चिपमध्ये रक्तगट, आजार आणि न मानवणारे औषध. कार्ड यंत्रात घातले की पडद्यावर सारे दिसावे.

त्या यंत्राशी बोलायचे कसे, हा आपल्या दोघांचा विषय. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा साठा, असते. यंत्र केवळ तिचेच ऐकते. ती माझ्या पिढीच्या 'सी' या भाषेची. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत वजनकाट्यांच्या पाट्यांवर आकडे उमटवण्यात माझे आयुष्य गेले. ती भाषा माझ्या बोटांत होती. तू लिहायचीस त्या नव्या भाषेच्या कोडला तुम्ही मॅनेज्ड म्हणता. त्यात संगणकाच्या मेमरीतली जागा कोणी घ्यायची आणि कोणी मोकळी करायची, हे पाहणारा कारभारी वेगळा असतो. तुझ्या कोडने माझ्या काळातल्या लायब्ररीला हाक मारायची आणि तिने यंत्राला. एवढेच काम. एवढ्यावर आपण दीड वर्ष भांडलो.

"लाडावलेली भाषा," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो. "मागून कोणीतरी केरसुणी घेऊन फिरतो."

"आनि तुमच्या भाषेत?"

"जेवलेले ताट ज्याचे त्याने उचलायचे. त्याला शिस्त म्हणतात."

"घरी उचलता का कवा?"

परिचारिका सुमन पट्ट्या गुंडाळता गुंडाळता इतकी हसली की पट्टीचे भेंडोळे टेबलाखाली गेले. त्या दिवशी घरी जेवण झाल्यावर मी ताट उचलून मोरीवर नेले. पत्नी धावत आली. तिला वाटले आमटीत काही पडले.

आता लाँगचे. लाँग हे मेमरीत आकडा ठेवण्याच्या मापाचे नाव. आठ दिवस लायब्ररी एकच उत्तर परत पाठवत होती: दिलेली माहिती अयोग्य. मी म्हणत होतो, तुझी भाषा बिघडलेली. तू दवाखान्याच्या पायरीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत होतीस. मग आत आलीस.

"आप्पा, तुमचा लाँग केवढा?"

"लाँग म्हणजे लाँग."

"तसं नाय. किती बाइटांचा?"

"चार."

"माझा आठाचा हाय." तू खुर्ची ओढून बसलीस. "आमची आजी भात मोजायची ती अधोली येगळी नि दुकानदाराची येगळी. दोघं बी तिला अधोलीच म्हनायचे. भांडान लागलं का आजी म्हनायची, आधी दोनी मापं शेजारी ठेवा, मंग बोला. आपन मापं शेजारी ठेवलीच नाय."

मी तुला सीमधल्या आज्ञा कागदावर उतरवून दिल्या होत्या, आणि शब्द एकच असल्याने तू त्या तशाच टाइप केल्या होत्या. तुझ्या आठ बाइटांमुळे पुढचा प्रत्येक आकडा सरकून भलत्या जागी पडत होता. तू सगळे लाँग काढून तिथे चार बाइटांचे माप घातलेस. कार्ड यंत्रात सरकवलेस. पडद्यावर उत्तर आले: नऊ आणि तीन शून्ये, म्हणजे सर्व ठीक. तू टाळी वाजवलीस. तेवढ्यात डॉक्टर आत आले आणि मी म्हणालो, "जमले आमचे." त्या 'आमचे'चा अर्थ त्यांनी 'माझे' असा घेतला, बाहेर तसाच सांगितला, आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही. जो माणूस शोकसभेत गाडीची वेळ दुरुस्त करतो, त्याने हे दुरुस्त केले नाही. आज करतो. अधोलीचे माप ठाऊक असलेल्या बाईने ती चूक शोधली. मी फक्त तिथे होतो.

यानंतरचे लिहिताना मी दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो.

मजकूर घेणारी प्रत्येक आज्ञा त्या जुन्या लायब्ररीत दोन रूपांत असते. एकीच्या नावाच्या शेवटी ए हे अक्षर, दुसरीच्या शेवटी डब्ल्यू. ए म्हणजे अरुंद अक्षरे, इंग्रजीपुरती. डब्ल्यू म्हणजे रुंद, ज्यांत कोणतीही लिपी मावते. तुझे म्हणणे होते की तुझ्या कोडने लायब्ररीला थेट हाक मारावी. मधे कोणी नको. मला ते मानवले नाही. मी हट्टाने मधे माझी स्वतःची एक लहान लायब्ररी बसवली, सीमध्ये लिहिलेली, आणि वाडीच्या यादीतून नाव शोधून त्याची माहिती चिपमध्ये भरण्याचे काम तिच्याकडे दिले. ती मी अरुंद अक्षरांची केली. तुझ्याकडूनही तिला अरुंद अक्षरेच यावीत असा माझा आग्रह होता.

"आप्पा, डब्ल्यू करूया ना. नावं मराठीत हायत."

"यंत्राला मराठी कळत नाही. त्याला बाइट कळतात."

"मंग बाइटच कमी पडतील की."

"तीस वर्षे मी हे करतो आहे."

"तीस वर्सं तुमी आकडे लिवले, आप्पा. नावं नाय."

ते मला लागले. कारण ते खरे होते. डॉक्टर समोर होते, सुमन होती, दोन रुग्ण बाकावर बसले होते. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "ए!"

तू माझ्याकडे पाहिलेस आणि गंभीर चेहऱ्याने विचारलेस, "मला हाक मारलीत का अक्षर सांगितलंत?"

बाकावरचे रुग्णसुद्धा हसले. मग तू वळलीस आणि ए टाइप केलेस. ती ओळ तुझ्या फायलीत होती, म्हणून पुढे ती तुझी ठरली. सांगणारा तोंडी सांगून मोकळा झाला होता.

आपण स्वतःच्या नावांवर चाचणी घेतली. तू, मी, डॉक्टर, सुमन, गाडीचे चालक पांडुरंग. नाव, वडिलांचे वा नवऱ्याचे नाव, आडनाव. पाचही कार्डे बिनचूक. मी म्हणालो, "पाहिलेस?" तू म्हणालीस, "पायलं."

मग आपण वाडीवर गेलो. पिंपळाच्या पारावर टेबल, गाडीच्या बॅटरीवर लॅपटॉप, आणि सुमन माहिती विचारते आहे. बायका एकमेकींना ढकलत पुढे येत होत्या. जन्मवारावरून ठेवलेली नावे: बुधी, सोमी, मंगी, आणि वारात न बसणारी एक पारी. तीन बुध्या निघाल्या तेव्हा तू एकीला थोरली आणि एकीला धाकटी असे लिहून घेतलेस. तिसरी नुसती बुधी राहिली, आणि यादीत तीच सर्वांत वर होती.

"धन्याचं नाव काय गो?" सुमनने तिला विचारले.

बुधीने पदर तोंडावर घेतला. "त्याचा नाव मी कशी घेऊ?"

"मग लिहू काय?"

"लिव, पोरांचा बापूस."

मागच्या बायका खदखदून हसल्या. एक म्हणाली, "सगल्यांचा तोच हाय काय गो?" आणि हशा वाढला. मी त्रासलो. मी म्हणालो, रकाना मोकळा ठेवता येणार नाही. तू म्हणालीस, "ठेवू मोकळा, आप्पा. कार्डासाठी बाईला चारचौघांत लाजवायचं काय?" आणि तो रकाना मोकळा राहिला, आडनावाचाही राहिला. वाडीतल्या बायकांची नोंद एकेका शब्दाची झाली. तू केलेले योग्य होते. हे वाक्य मी येथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी त्याच मोकळ्या रकान्याचा काय उपयोग केला ते तुला ठाऊक आहे.

सोमीला पेनिसिलिन चालत नसे. जुन्या डॉक्टरांना ते ठाऊक होते, तू ते यादीत स्वतः टाइप केले होतेस. नव्या डॉक्टरांनी तिचे कार्ड यंत्रात घातले. पडद्यावर आले की कोणतेही औषध वर्ज्य नाही. त्यांनी इंजेक्शन दिले. सोमी बाकावरून खाली कोसळली. पांडुरंगने गाडी कशी हाकली ते तोच जाणे. ती वाचली, चौथ्या दिवशी चालत वाडीवर गेली. पण त्या तीन दिवसांत मी तुझा जो चेहरा पाहिला तो मला तसबिरीत दिसला नाही, आणि त्याबद्दल तसबीर काढणाऱ्याचे आभार.

मग समितीची बैठक. येथेही लोकांच्या कथा वेगवेगळ्या आहेत. कोणी म्हणतात की मी त्या दिवशी गप्प बसलो. हे साफ खोटे आहे. गप्प बसलो असतो तर बरे झाले असते. मी सव्वा तास बोललो. डॉक्टरांनी तोंडी विचारायला हवे होते, बोललो. कार्डाची घाई समितीने केली, बोललो. गाडीच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवणे अयोग्य, तेही बोललो. आणि मग मी म्हणालो, "नोंदी अपुऱ्या होत्या. रकाने मोकळे होते. मी तेव्हाच हरकत घेतली होती."

सगळे तुझ्याकडे वळले. चिटणीसांनी विचारले, "यादी आणि ती आज्ञा कोणाच्या फायलीत आहे?"

तू म्हणालीस, "माझ्या."

"म्हणजे चूक तुमच्या बाजूची?"

तू माझ्याकडे पाहिलेस. फार वेळ नाही. मग म्हणालीस, "माझ्या बाजूची."

त्या क्षणी चूक माझी आहे हे मला ठाऊक नव्हते. एवढा एक बचाव माझ्यापाशी आहे आणि तो दोनच दिवस टिकला. तुझी चूक कागदावर सिद्ध करावी म्हणून मी घरी माझी लायब्ररी उघडली, तुझ्याकडून येणारे नाव मेमरीत कसे पोचते ते एकेक बाइट पाहू लागलो. 'सोमी' पाठवले. मेमरीत थ्री एफ, थ्री एफ, थ्री एफ, थ्री एफ. हा प्रश्नचिन्हाचा आकडा. अरुंद अक्षरांच्या दारातून मराठी जात नाही. जे अक्षर मावत नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह ठेवते आणि पुढे जाते, तक्रार करत नाही. स, ओकार, म, दीर्घ ईकार: चार प्रश्नचिन्हे. 'बुधी' पाठवले. चार प्रश्नचिन्हे. मंगी, चार. पारी, चार. माझी लायब्ररी यादीत वरून शोधत होती आणि चार प्रश्नचिन्हांचे पहिले नाव सापडताच तिथेच थांबत होती. ते बुधीचे होते. चौघींच्या कार्डांत बुधीचीच माहिती भरली गेली होती. वर शाईने मात्र नावे चौघींची चार.

आपल्या पाच जणांची भलीमोठी नावे निरनिराळ्या लांबीची निघाली, म्हणून चाचणीत कोणी कोणात मिसळले नाही. लांब नावाची माणसे असती तर माझी चूक कदाचित कधीच उघडी पडली नसती. ज्यांचे नाव दोन अक्षरांत संपते, आणि ज्या नवऱ्याचे नाव घेत नाहीत, त्यांच्याच जिवावर ती उठली.

ते पाहिल्यावर मी संगणक बंद केला. कोणालाही सांगितले नाही. उद्या सांगू, असे ठरवले.

तोपर्यंत समितीने तुला त्या कामातून मोकळे केले होते. तरी जाण्यापूर्वी तू सगळे दुरुस्त करून गेलीस: माझी मधली लायब्ररी काढून टाकलीस, नावे शोधण्याचे काम तुझ्या कोडमध्येच घेतलेस, जुन्या लायब्ररीला थेट हाक मारलीस, आणि जिथे ए होते तिथे डब्ल्यू केलेस. चौघींची कार्डे नव्याने लिहून वाडीवर स्वतः पोचवलीस. त्या कोडची एक सीडी सुमनच्या हाती माझ्याकडे पाठवलीस, वर चिठ्ठी: 'आप्पा, एकदा बघा.' मी पाहिले. कुठेही टीप नाही, टोमणा नाही, माझे नाव नाही. सीडी परत करताना त्याच चिठ्ठीच्या खाली मी लिहिले: 'पाहिले.' माझ्या सहीसह. तुला कळले आहे हे मला कळले, आणि मला कळले आहे हे तुला. त्यानंतर आपल्या दोघांत लपवण्यासारखे काही राहिले नव्हते. लपले होते ते इतरांपासून.

तू मुरबाडला बायकांसाठी संगणकाचा वर्ग काढलास. लोक म्हणतात की आपला अबोला होता. तेही खोटे. म्हसा गावच्या जत्रेत आपण भेटलो नाही का? मी घोंगडी पाहत होतो. तू मागून आलीस, सोबत जनार्दन, हातात गुळाच्या शेवेचा पुडा.

"एवढी जाड घोंगडी कशाला, आप्पा? भांडताना ऊब येतेच की तुमाला."

दुकानदार हसला. मीही हसलो, आणि घाबरून बोलत सुटलो. आता चौसष्ट बिटांची यंत्रे येणार, मेमरीतल्या जागेचा पत्ता आठ बाइटांचा होणार, जुन्या लायब्ररीला हाक मारणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागणार. तू ऐकून घेतलेस. मध्येच म्हणालीस, "म्हंजे मापांचं भांडान परत लागनार." मग शेवेचा पुडा माझ्यापुढे धरून, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "कवा तरी या मुरबाडला. वर्गातल्या बायांना ए नि डब्ल्यूची गोष्ट तुमी सांगा. मी सांगितली का माझीच वाटते."

एवढे उघडे दार मला आयुष्यात कोणी ठेवले नव्हते. मी म्हणालो, "येईन."

त्यानंतर दोन जत्रा झाल्या. दोन्ही जत्रांत आपण भेटलो. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "वर्ग चालू हाय हां, आप्पा." दोन्ही वेळा मी म्हणालो, "येईन."

मला राग येतो, आणि तो तुझाही येतो. बैठकीत तू का भांडली नाहीस? लाँगसाठी भांडलीस, डब्ल्यूसाठी भांडलीस, बुधीच्या पदरासाठी भांडलीस, आणि स्वतःसाठी एक वाक्य नाही? तू बोलली असतीस तर मी आधी नाकारले असते, ओरडलो असतो, मग पुरावा पाहून हरलो असतो. हरण्याची रीत मला ठाऊक आहे. आपण होऊन सांगण्याची ठाऊक नव्हती. पण हेही मी तुझ्यावरच ढकलतो आहे, हे लिहिताना दिसते. तू वयाचा मान ठेवलास आणि मी तो ठेवून घेतला.

शोकसभेनंतर मी चिटणीसांकडे गेलो. म्हणालो, त्या बैठकीचे इतिवृत्त दुरुस्त करायचे आहे.

"आप्पा, आता कशाला? ताई गेल्या. कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"कोणी विचारले नाही म्हणूनच आलो."

"मंजूर झालेली नोंद बदलता येत नाही."

"मग नवी करा."

"गेलेल्या माणसाच्या मागं वाद नको हो."

मी त्यांना सांगितले की गेलेल्या माणसाच्या मागे खोटे चालते, तर वादही चालेल. ते थोडे नरमले, थोडे वैतागले. काल समिती बसली. मी जनार्दनना बोलवायला लावले. कागदावर लिहून आणलेले मी उभ्याने वाचले: आज्ञा कोणी सांगितली, मधली लायब्ररी कोणाची, डब्ल्यूचा आग्रह कोणाचा, मोकळा रकाना ठेवणे का योग्य होते, आणि लाँगची चूक कोणी शोधली. या वेळी सव्वा तास लागला नाही. पाच मिनिटे पुरली.

चिटणीसांनी लेखणी उघडली. "'आप्पा' असं लिहू?"

"दत्तात्रेय लिहा. पूर्ण नाव, आडनावासह. आप्पा या तालुक्यात शंभर आहेत."

त्यांनी लिहिले. मी वाचून पाहिले आणि सही केली. मला वाटले होते की आता खुर्चीत बसता येईल. तेवढ्यात जनार्दन बोलले. ते चिडले नव्हते. भाताच्या पेंढ्या रचताना एखादी हिशेबात बसत नसली की माणूस विचारतो, तसे त्यांनी विचारले.

"आप्पा, हे तिला ठाव होतं?"

"हो."

"तुमाला बी ठाव होतं?"

"हो."

"मंग तीन वर्सं तुमी दोघं एकमेकांना काय सांगत होता?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आप्पा आता काही खोडून काढतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी टोपी घेतली आणि बाहेर आलो. जनार्दनना मी उत्तर दिले नाही, कारण ते तुझ्यासमोर द्यायचे होते.

तू 'या' म्हणत होतीस, हर्षला, आणि मी 'येईन' म्हणत होतो.